म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आणि महिन्याचा खर्च

घरातला कुत्रा नऊ-दहा वर्षांचा झाला की त्याच्या चालीतला बदल घरच्यांच्या लक्षात येऊ लागतो. उठताना तो आधी पुढचे पाय टेकवतो, क्षणभर थांबतो आणि मग मागचा भाग उचलतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी घुटमळतो. सोफ्यावर उडी मारायचे सोडून देतो. मग घरात सांध्यांच्या गोळ्यांचा डबा येतो, खाद्याच्या नेहमीच्या पिशवीऐवजी ‘सीनियर’ लिहिलेली महागडी पिशवी येते आणि महिन्याच्या हिशेबात एक ठसठशीत आकडा वाढतो. खर्च करणाऱ्याच्या मनात माया असते, थोडी धास्तीही असते. परंतु या दुखण्यात ज्या वस्तूंवर भरपूर पैसा जातो, त्यांपैकी काहींच्या मागचा शास्त्रीय पुरावा फारच लंगडा आहे. ज्या उपायाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, त्याला मात्र पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

म्हातारपण की दुखणे?

‘आता वय झाले, चालायचेच’ हे वाक्य कुत्र्याच्या बाबतीत फार लवकर बोलले जाते. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजू लागले की सांध्याला सूज येते, कडेने हाड वाढते, हालचाल आखडते आणि दुखू लागते. माणसात ही झीज बरीचशी वयाबरोबर येते. कुत्र्यात तिचे मूळ अनेकदा लहानपणीच असते. खुब्याचा किंवा कोपराचा सांधा नीट न घडणे, गुडघ्यातला अस्थिबंध तुटणे, अशा कारणांनी सुरू झालेली झीज वर्षानुवर्षे आतल्या आत वाढत राहते. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या मोठ्या जातींत हे अधिक दिसते, पण लहान जाती आणि गावठी कुत्रेही त्यातून सुटत नाहीत.

कुत्रा दुखते म्हणून क्वचितच ओरडतो. तो हालचाल कमी करतो, एकच सांधा सतत चाटतो, मुले अंगाशी आली की गुरगुरतो, कधी बाहेर जाणे टाळून घरातच लघवी करतो. ही वागणूक हट्ट किंवा आळस समजली गेली, तर उपचाराची कित्येक वर्षे हातातून निघून जातात.

मात्र लंगडणारा प्रत्येक म्हातारा कुत्रा सांध्यांच्या झिजेचाच रुग्ण असतो असे नाही. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या गोचीड-तापातही सांधे दुखतात. मणक्याचे आजार, नसांवरचा दाब, हाडाची गाठ यांमुळेही मागचे पाय लटपटतात. म्हणून पहिला खर्च तपासणीवर व्हायला हवा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात, तसेच शिरवळ, नागपूर, परभणी येथील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णालये आहेत आणि तिथला खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. एकदा सांधे हाताने नीट तपासून घेतले, गरजेप्रमाणे एक्स-रे काढला आणि रक्त-लघवीची तपासणी झाली, की पुढचे बरेच अनावश्यक खर्च आपोआप टळतात.

पहिला उपाय वजनकाट्यावर

सांध्याच्या दुखण्यात आहाराचा सर्वांत मोठा वाटा कोणता, या प्रश्नाला एका दीर्घ अभ्यासाने सरळ उत्तर दिले आहे. प्युरिना या खाद्यउत्पादक कंपनीने अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी खाऊ घातले आणि हे आयुष्यभर चालू ठेवले. या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्या, सडपातळ कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे निघाले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे. सांध्यांच्या झिजेवर कायमचे उपचार सुरू करण्याची वेळही सडपातळ गटावर साधारण तीन वर्षे उशिराने आली. खाद्य विकणाऱ्या कंपनीच्याच अभ्यासातून कमी खाऊ घालण्याचा फायदा पुढे आला, ही त्यातली गंमत.

पण वजन आधीच वाढलेल्या, लंगडू लागलेल्या कुत्र्याचे काय? ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये अशाच १४ लठ्ठ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोळा आठवड्यांत त्यांचे वजन हळूहळू उतरवले गेले. मूळ वजनाच्या सुमारे ६ टक्के वजन कमी झाले तेव्हाच लंगडणे कमी झाल्याचे दिसू लागले. अठरा किलोच्या कुत्र्यात हे प्रमाण किलोभराहून थोडे अधिक भरते. एवढ्याशा घटीने मिळणारा आराम बाजारातल्या कोणत्याही डब्यावर छापून येत नाही.

कुत्रा जाड आहे की नाही हे ओळखायला दोन हात पुरतात. आपल्या तळहाताच्या मागच्या बाजूवर बोटे फिरवली की हाडे सहज जाणवतात. कुत्र्याच्या बरगड्या तशाच जाणवल्या पाहिजेत. त्या शोधण्यासाठी दाबावे लागत असेल, तर चरबी जास्त आहे. वरून पाहिले असता कंबर आत गेलेली दिसावी, बाजूने पाहिले असता पोट छातीपेक्षा वर ओढलेले दिसावे. लहान कुत्र्याला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहायचे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करायचे. मोठ्या कुत्र्यासाठी दवाखान्यातला काटा वापरावा. महिन्यातून दोनदा केलेली ही नोंद कोणत्याही पूरकापेक्षा उपयोगी ठरते.

वजन उतरवताना घाई नको. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट म्हाताऱ्या कुत्र्याला सोसते. त्याहून वेगाने वजन उतरले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि दुखऱ्या सांध्याला सांभाळणारे बळच कमी होते. काही न करता आपोआप वजन घटू लागले असेल, तर तो आनंदाचा नव्हे, तपासणीचा विषय आहे.

ताटलीचा हिशेब

समजा, कुत्र्याचे वजन अठरा किलो आहे आणि ते पंधरा किलो असायला हवे. पंधरा किलोच्या कुत्र्याला विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला साधारण ५३० कॅलरी लागतात. वजन उतरवताना पशुवैद्य बहुधा याच आकड्यापासून सुरुवात करतात. आता अनेक घरांतला नेहमीचा आहार पाहू. तीन पोळ्यांच्या साधारण ३०० कॅलरी, पेलाभर दुधाच्या १३० आणि चहाबरोबर दिलेल्या चार ग्लुकोज बिस्किटांच्या ८० ते १००. दिवसाचा कोटा इथेच संपला. जेवणाच्या वेळी ताटातून खाली गेलेला घास अजून मोजलेलाच नाही.

या आहारात दुसरीही उणीव आहे. त्यातून मिळणारी प्रथिने जेमतेम १८ ते २० ग्रॅम भरतात. प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात दर हजार कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिने असावीत, असे अमेरिकेतले प्रमाण आहे. म्हणजे ५३० कॅलरींमागे किमान २४ ग्रॅम. म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिने कमी द्यावीत, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो, ही समजूत बरीच वर्षे चालत आली. मूत्रपिंडे निरोगी असतील तर तिला आधार नाही. वयाबरोबर स्नायू झपाट्याने घटतात, म्हणून निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याला या किमान मर्यादेपेक्षा अधिक प्रथिनांची गरज असते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आहाराचा सगळा हिशेब बदलतो. रक्ततपासणी आधी हवी, ती याचसाठी.

यातला स्वस्त बदल सोपा आहे. बिस्किटे बंद करायची, पोळ्या कमी करायच्या आणि त्या जागी उकडलेले अंडे किंवा मीठ-मसाला न घातलेले शिजवलेले चिकन द्यायचे. एका अंड्यात साधारण ७० ते ७५ कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने असतात. शाकाहारी घरात पनीर, शिजवलेले सोयाचे तुकडे, मऊ शिजवलेली साधी डाळ वापरता येते. ‘काहीतरी दे’ म्हणून बघत बसलेल्या कुत्र्याला गाजराचा, काकडीचा किंवा दुधीचा तुकडा दिला तरी चालतो. त्याला घास मिळाल्याचा आनंद असतो. त्यात किती कॅलरी आहेत याचे त्याला काही नसते. असा सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत राहावा.

केवळ घरच्या अन्नावर कुत्रा वाढवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चिकन-भात पोट भरतो, अंगाला लागतो, पण त्यात कॅल्शियम जवळपास नसते. पंधरा किलोच्या या कुत्र्याला दिवसाला पाऊण ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवे. चिकन-भातातून त्याचा छोटा अंशच मिळतो. अंड्याचे कवच धुऊन, भाजून, अगदी बारीक पूड केली तर सुमारे दोन ग्रॅम पुडीतून तेवढे कॅल्शियम मिळते. पण जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची तूट त्याने भरून निघत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. त्यांतल्या कित्येक कृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून घरचेच अन्न द्यायचे असेल, तर ते पशुवैद्याला दाखवून त्यात योग्य जीवनसत्त्व-खनिज मिश्रण घालून घ्यावे.

आणि घरचे म्हणून सगळेच चालते असे नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. आमटी-रश्श्यात कालवलेली पोळी त्याच कारणाने टाळावी. द्राक्षे, मनुका, बेदाणे मूत्रपिंडाला घातक ठरतात. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ विषारी आहेत. शिजवलेली हाडे तडकून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात.

‘सीनियर’ म्हणजे नेमके काय?

तयार खाद्याच्या पिशवीवर ‘सीनियर’ किंवा ‘सात वर्षांवरील’ असे लिहिले, की किंमत वाढते. परंतु अमेरिकेत पशुखाद्याची प्रमाणे ठरवणारी संस्था वाढीच्या वयातली पिल्ले व विणाऱ्या माद्या आणि प्रौढ कुत्रे एवढेच दोन वर्ग मानते. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी तिचे वेगळे प्रमाण नाही. त्यामुळे ‘सीनियर’ या शब्दाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एखाद्या पिशवीत प्रथिने कमी असतात, दुसरीत जास्त. कुठे कॅलरी कमी असतात, कुठे नेहमीइतक्याच. ग्लुकोसामाइन घातल्याची जाहिरात पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असते, पण घातलेले प्रमाण नगण्य असू शकते.

वयापेक्षा पिशवीच्या मागचा मजकूर पाहावा. ‘प्रौढ कुत्र्यासाठी संपूर्ण व संतुलित’ असा उल्लेख, प्रथिनांचे प्रमाण आणि शंभर ग्रॅममागच्या कॅलरी या तीन गोष्टी पुरेशा आहेत. दरांची तुलना किलोवर न करता कॅलरीवर करावी. समजा, एक खाद्य किलोला ३०० रुपयांना मिळते आणि त्यात किलोमागे ३,००० कॅलरी आहेत. दुसरे ३८० रुपयांचे आहे, पण त्यात ४,००० कॅलरी आहेत. हजार कॅलरींमागे पहिल्याला १०० रुपये पडतात, दुसऱ्याला ९५. पिशवीवर महाग दिसणारे खाद्य ताटलीत स्वस्त पडले. अर्थात हे गणित मोजून वाढले तरच जमते. दुसऱ्या खाद्याची तीच वाटी भरली, तर कुत्र्याच्या पोटात सुमारे तिसरा हिस्सा कॅलरी जास्त जातात. वाटी-मापाने दर वेळी वेगळे वजन भरते, म्हणून स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजलेले बरे.

ओल्या खाद्याच्या पाकिटात तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो. दात पडलेल्या किंवा भूक मंदावलेल्या कुत्र्याला ते उपयोगी आहे, पण रोजचे जेवण म्हणून खिशाला जड जाते. कोरड्या दाण्यांवर कोमट पाणी किंवा बिनमिठाचे चिकनचे पाणी घातले, की तेच काम भागते. पोत्यातून सुटे विकले जाणारे दाणे मात्र घेऊ नयेत. उघड्या हवेत त्यांतली चरबी खवट होते आणि कोणत्या कंपनीचे, कधीचे याचा पत्ता लागत नाही.

मध्यमवर्गीय घराला परवडणारा मार्ग बहुधा असा निघतो: प्रौढ कुत्र्याचे साधे, संपूर्ण खाद्य मोजून द्यायचे आणि दहा टक्क्यांच्या मर्यादेत अंडे, चिकन किंवा मासा. संतुलन बिघडत नाही, प्रथिने वाढतात आणि ‘सीनियर’ पिशवीचा जादा दरही वाचतो.

सांध्यांच्या गोळ्यांमागचा पुरावा

ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन हे कूर्चेत नैसर्गिकरीत्या असणारे घटक. ते पोटातून दिले की झिजलेली कूर्चा भरून येईल, अशी कल्पना यामागे आहे. ती पटण्यासारखी आहे. पण प्रयोगांत ती टिकते का?

सुरुवातीचे निकाल संमिश्र होते. एका चाचणीत सत्तर दिवसांनी थोडा फरक दिसला, दुसरीत काहीच दिसला नाही. २०२२ मध्ये माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्या-मांजरांच्या सांध्यांच्या दुखण्यावरच्या आहार व पूरकांच्या ७२ चाचण्या एकत्र करून तपासल्या. ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनचा परिणाम त्यांत इतका नगण्य निघाला, की वेदना कमी करण्यासाठी ही पूरके यापुढे सुचवू नयेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. कोलॅजनचा परिणाम क्षीण होता. ओमेगा-३ या स्निग्धाम्लांनी समृद्ध केलेला आहार आणि ओमेगा-३ ची पूरके मात्र या कसोटीला उतरली.

घरगुती उपायांत हळदीचे नाव पहिले येते. पण हळदीतला कर्क्युमिन हा घटक आतड्यातून फार कमी शोषला जातो. इंग्लंडमध्ये हळदीच्या अर्काची ६१ कुत्र्यांवर चाचणी झाली. तीत कुत्रा दुखऱ्या पायावर किती भार टाकतो हे यंत्राने मोजले, तेव्हा खरा अर्क आणि खोटी गोळी यांत ठोस फरक दिसला नाही. चिमूटभर हळद अन्नात पडली म्हणून बिघडत नाही; तिच्यावर दुखणे सोपवू नये, एवढेच.

पूरकांबद्दल आणखी एक बाब महत्त्वाची. औषधाला बाजारात येण्यापूर्वी आपला परिणाम सिद्ध करावा लागतो, पूरकाला तसे करावे लागत नाही. डब्यावरचा उड्या मारणारा कुत्रा हा पुरावा नव्हे.

माशाच्या तेलाचे गणित

ओमेगा-३ मधले ईपीए आणि डीएचए हे दोन घटक सांध्यातली सूज कमी करण्यात मदत करतात. अमेरिकेत १८ दवाखान्यांतल्या १२७ कुत्र्यांवर केलेल्या चाचणीत माशाच्या तेलाने समृद्ध खाद्य खाणारे कुत्रे सहा आठवड्यांनंतर अधिक सहज उठू लागल्याचे मालकांनी नोंदवले. अन्य एका चाचणीत अशा आहारावरच्या कुत्र्यांच्या वेदनाशामकाची मात्रा लवकर कमी करता आली.

मात्र मात्रा पुरेशी असावी लागते आणि इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. सांध्यांसाठी पशुआहारतज्ज्ञ जी मात्रा सांगतात, ती पंधरा किलोच्या कुत्र्याला ईपीए आणि डीएचए मिळून दिवसाला सुमारे २,३०० मिलिग्रॅम येते. सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा २,८०० च्या आसपास आहे, म्हणजे ती फार दूर नाही. बाजारातल्या साध्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये हे दोन घटक मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. उरलेले नुसते तेल. रोज एक कॅप्सूल देऊन ‘गुण आला नाही’ म्हणणे म्हणजे पाव गोळी देऊन तापाला दोष देण्यासारखे आहे. पूर्ण मात्रेसाठी अशा सात-आठ कॅप्सूल लागतील आणि त्यांच्याच सत्तरएक कॅलरी होतील. तेवढे अन्न कमी केले नाही, तर वजन पुन्हा वर जाते.

म्हणून कॅप्सूलची किंमत पाहताना डब्याचा दर न पाहता त्यातल्या ईपीए-डीएचएच्या एका ग्रॅमचा दर काढावा. जास्त तीव्रतेची कॅप्सूल महाग दिसली तरी या हिशेबात अनेकदा स्वस्त पडते आणि तेलही कमी जाते. सुरुवात पाव मात्रेने करावी आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावी. नाहीतर जुलाब लागतात. स्वादुपिंडाचा आजार, रक्त गोठण्याची तक्रार किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय हे तेल देऊ नये. कॉड लिव्हर ऑइल हे वेगळे तेल आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात आणि सांध्यांच्या मात्रेइतके दिले तर ती विषारी पातळीला जाऊ शकतात. जवसातला ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचा आहे. कुत्र्याच्या शरीरात त्यापासून ईपीए आणि डीएचए फारच थोडे बनते.

कोकणात आणि मुंबईच्या बाजारात हंगामात स्वस्त मिळणारे तारली आणि बांगडा हे तेलकट मासे ओमेगा-३ चा चांगला साठा आहेत. हळद-तिखट-मीठ न लावता, उकडून, काटे काढून ते देता येतात. तारली कुकरमध्ये जास्त शिट्ट्या देऊन शिजवली की काटे बोटाने चुरडण्याइतके मऊ होतात. माशातले तेल हंगामानुसार कमी-जास्त होते, त्यामुळे औषधी मात्रा माशातून अचूक साधत नाही. पण बिस्किटाच्या जागी आठवड्यातून दोन-तीनदा मासा ही अदलाबदल सर्व बाजूंनी फायद्याची आहे. सुकी मासळी मात्र मिठामुळे टाळावी.

गुण आला, की वाटला?

‘आमच्या कुत्र्याला त्या गोळ्यांनी फरक पडला’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. पण डोळे फसतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सांधेदुखीमुळे लंगडणाऱ्या, पण औषध म्हणून निव्वळ खोटी गोळी मिळालेल्या ५८ कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या. पायावर पडणारा भार यंत्राने मोजलेला होता. ज्या कुत्र्यांत यंत्राला सुधारणा दिसली नव्हती, त्यांच्याबाबतही मालकांचे मत सुमारे ५७ टक्के वेळा औषधाच्या बाजूने झुकलेले निघाले. चाल पाहणारे पशुवैद्यही ४० ते ४५ टक्के वेळा असेच फसले. शिवाय सांध्याचे दुखणे पावसाळी-थंड दिवसांत वाढते आणि नंतर आपोआप कमी होते. नेमकी त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली, तर श्रेय तिला जाते.

यावर उपाय वहीचा आहे. एका वेळी एकच बदल करावा. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच वेळी, उठताना आणि चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्यावा. उठायला किती वेळ लागला, जिन्याच्या किती पायऱ्या चढला, फिरताना कुठे बसला हे लिहून ठेवावे. आठ आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा व्हिडिओ घरात नसणाऱ्या कोणाला तरी, आधीचा कोणता हे न सांगता दाखवावा. त्याला फरक ओळखता आला नाही, तर ती गोळी बंद करायला हरकत नाही.

वेदना थांबवणारे औषध वेगळे

पूरकांच्या नादात खरे वेदनाशामक मागे पडते, ही सर्वांत महागात जाणारी चूक आहे, आणि तिची किंमत कुत्रा मोजतो. दुखणे बळावलेल्या कुत्र्याला पशुवैद्याने दिलेले मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा तत्सम औषध लागू पडते, आणि ते काही पूरकांपेक्षा स्वस्तही असू शकते. त्यासाठी मूत्रपिंड आणि यकृताची तपासणी आधी आणि नंतर अधूनमधून करावी लागते. दुखणे आवरले की कुत्रा चालू लागतो, चालला की स्नायू टिकतात आणि वजन उतरते.

घरातल्या डब्यातली माणसांची गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला मारक ठरते. डायक्लोफेनॅकवर तर जनावरांसाठी भारतात २००६ पासून बंदी आहे. हे औषध दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मेली, हे तिचे कारण. पशुवैद्याच्या दोन औषधांची सरमिसळही घातक ठरते. वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र देऊ नयेत, म्हणून आधीचे प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगावे.

पैसा कुठे लावावा?

महिन्याची रक्कम ठरलेली असेल, तर तिची वाटणी अशी करावी. प्रथम तपासणी, कारण दुखणे कोणते हेच ठाऊक नसेल तर बाकीचे सगळे अंदाजपंचे. मग मोजून दिलेले, पुरेशी प्रथिने असलेले साधे खाद्य. गरज असेल तर वेदनाशामक. त्यानंतर पुरेशा मात्रेतले माशाचे तेल. ग्लुकोसामाइनच्या डब्यासाठी या सगळ्यानंतर काही उरले, तर तेही फरशीवर टाकायच्या चटईसाठी खर्च केलेले बरे. गुळगुळीत लाद्यांवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात आणि प्रत्येक घसरणीत दुखरा सांधा ताणला जातो. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुनी सतरंजी किंवा रबरी चटई अंथरली, नखे वेळेवर कापली, झोपायला जाड गोधडी दिली आणि एका लांब फेरीऐवजी दिवसातून तीन-चार छोट्या फेऱ्या मारल्या, तर त्याचा आराम त्याच दिवसापासून सुरू होतो.

बिस्किटाचा पुडा बंद करणे घरातल्या आजी-आजोबांना, मुलांना जड जाते. ‘त्याचे आता किती दिवस राहिले, खाऊ दे की!’ असे म्हटले जाते. पण सांधेदुखीने कुत्र्याचे आयुष्य थेट संपत नाही. उठता येत नाही, बसल्या जागी घाण होते, जखमा होतात, आणि मग त्याला झोपवण्याचा निर्णय घेण्याची वेळ घरावर येते. दोन किलो वजन उतरल्याने ती वेळ लांबवता येत असेल, तर बिस्किटाऐवजी दिलेला गाजराचा तुकडा हेच त्याचे लाड आहेत.